ठिपक्यांमधले ७४

प्रश्न : ताई, मी दिंडोरी तालुक्यातला, वय २६. वडिलांबरोबर द्राक्षांचा टेम्पो चालवतो. बसचालकाच्या भरतीत गाडी चालवायची चाचणी पास झालो. आता अठरा दिवसांनी मेडिकल आहे. गावातल्या शिबिरात बीपी १४८/९६ निघालं. एक मित्र म्हणतो, त्या दिवशी सकाळी माझ्या वडिलांची बीपीची गोळी घे, काम होतं. दुसऱ्याने रंगांच्या ठिपक्यांचे फोटो पाठवलेत, ते पाठ करतोय. रात्री बराच वेळ मोबाइल पाहिला की लांबचं धूसर दिसतं. अठरा दिवसांत काय काय करू?

उत्तर : पाठ करणं आधी थांबव. बीपीचं नंतर सांगते, कारण बीपी खाली आणता येतं. ठिपक्यांचं तसं नाही.

मी सरकारी दवाखान्यांत ३१ वर्षं डोळे तपासले. त्यात बसवाले, ट्रकवाले, रेल्वेवाले, पोलीस भरतीची पोरं, सगळे आले. रंगांधळेपणा तपासायचं ते ठिपक्यांचं पुस्तक शिनोबु इशिहारा नावाच्या जपानी डॉक्टरांनी केलं, १९१७ साली पहिल्यांदा छापलं. पूर्ण संचात ३८ पानं असतात. पहिल्या पानावरचा १२ सगळ्यांनाच दिसतो, रंगांधळ्यालाही. समोरच्याला काय करायचंय ते कळलं का, आणि तो मुद्दाम चुकतोय का, एवढं बघायलाच ते पान. खरी गंमत पुढे. तुला-मला जिथे ८ दिसतो तिथे लाल-हिरव्यात गल्लत होणाऱ्याला ३ दिसतो, २९ च्या जागी ७०, ७४ च्या जागी २१. काही पानं उलटी आहेत : तिथे रंगांधळ्याला आकडा दिसतो आणि आपल्याला नुसते ठिपके. पाठ करून आलेली पोरं इथेच सापडायची. आम्ही मधली पानं गाळायचो, पुस्तक उलटं धरायचो, आणि पानाला तीनेक सेकंदांच्या वर वेळ द्यायचो नाही. ज्याला दिसतं तो आकडा सांगतो. ज्याने पाठ केलंय तो आधी पान कितवं ते शोधतो, आणि त्याची नजर आकड्याऐवजी कोपऱ्यात जाते. मला ती नजर लांबून ओळखू यायची.

शिवाय मोबाइलवरचे रंग म्हणजे छापील पुस्तकातले रंग नव्हेत. रात्री स्क्रीन पिवळी करून ठेवतोस ना? त्यावर पास झालास तरी ते धरायचं नाही, आणि नापास झालास तरी रडायचं नाही.

आता घरचीच गोष्ट सांगते. १९९१ साल. मी नोकरीला नवी होते, सरावासाठी ते पुस्तक एका रविवारी घरी म्हसरूळला आणलं होतं. आमचे बाबा एसटीत ड्रायव्हर, नाशिक-वणी त्यांची नेहमीची गाडी. धाकट्या भावाला लहानपणापासून तेच व्हायचं होतं, नांदुरीचा घाट तो जेवणाच्या पाटावर बसून तोंडाने चढवायचा, गिअरच्या आवाजासकट. त्याला ओट्यावर उन्हात बसवलं आणि म्हटलं, वाच रे. १२ वाचला. पुढच्या पानावर म्हणाला तीन. मला वाटलं चेष्टा करतोय. ७४ च्या पानावर म्हणाला एकवीस. मी पुन्हा विचारलं. "ताई, एकवीसच आहे, तुझं पुस्तक चुकलंय." मागे उभ्या असलेल्या बाबांनी चौऱ्याहत्तर वाचला. मग ते खाली बसले, पुस्तक माझ्या हातातून घेतलं आणि ठिपक्यांवरून बोट फिरवून त्याला सात दाखवायला लागले. हा बघ इथून वळतो, हा खाली येतो. भाऊ त्यांच्या बोटाकडे बघत होता, ठिपक्यांकडे नाही. आतून आई म्हणाली, आमच्या आप्पांनाही लाल मिरच्या तोडायला कुणी बसवत नसे, ते हिरव्याच टोपलीत टाकायचे. आप्पा म्हणजे तिचे वडील.

हा दोष बहुतेक आईच्या बाजूने येतो, आणि तिला स्वतःला काहीच होत नाही. म्हणून पुरुषांत बराच आढळतो, बायकांत क्वचित. तू आज आईला एवढंच विचार : मामाची किंवा तिच्या वडिलांची रंगांत गल्लत व्हायची का? नाही म्हणाली तरी उद्या-परवा डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन छापील पुस्तकावर दिवसाच्या उजेडात एकदा तपासून घे. पाच मिनिटांचं काम. ते ठीक निघालं तर बाकी सगळं हाताशी आहे. ठीक नाही निघालं तर त्यावर औषध नाही, गाजर नाही, योगासन नाही, आणि रंगीत काचेचा चष्मा तपासणीत चालत नाही. २०२० साली केंद्राने मोटार वाहन नियम बदलून सौम्य आणि मध्यम दोष असलेल्यांना लायसन्सची वाट मोकळी केली हे खरं. पण लायसन्स ही एक गोष्ट आणि प्रवासी बसवून गाडी हाती देणाऱ्याची अट ही दुसरी. माझ्या भावाचे ड्रायव्हिंग स्कूलचे पैसे भरायचे राहिले होते, तेवढे वाचले. दोन दिवस तो कुणाशी बोलला नाही. आता त्याचं टायरचं दुकान आहे, आणि गिऱ्हाइकांना घाट कसा चढवायचा ते तोच शिकवतो.

आता बीपी. शिबिरात तू कसा गेला होतास ते तू लिहिलं नाहीस, पण मी सांगते : क्रेट उतरवून, तंबाखू दाबून, रांगेत उभा राहून, आणि पट्टा शर्टाच्या बाहीवरून बांधला. बरोबर? असं मोजलेलं बीपी खरं मानू नकोस, पण विसरूही नकोस. घरी किंवा ओळखीच्या दवाखान्यात सलग सात दिवस सकाळ-संध्याकाळ मोज. आधी लघवीला जाऊन ये, लघवी धरून बसलं तरी आकडा वर जातो. पाच मिनिटं गप्प बसायचं, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, पायावर पाय नाही, हात छातीच्या उंचीवर टेबलावर. अर्धा तास आधी चहा, तंबाखू, विडी काही नाही. मिनिटभराच्या अंतराने दोनदा मोज आणि लिहून ठेव. पहिला दिवस सोडून बाकीच्यांची सरासरी काढ. ती १३५/८५ च्या खाली असेल तर तुझं बीपी भीतीचं होतं. वर असेल तर वही घेऊन याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा, सतराव्या दिवशी नको.

मित्राच्या वडिलांची गोळी घेऊ नकोस. कुणाची कुठली गोळी, किती ताकदीची, तुला माहीत नाही. काही गोळ्यांनी नाडी मंदावते आणि ती ईसीजीत दिसते. दमा असलेल्याला त्यातल्या काही गोळ्या जिवावर बेततात. एक मुलगा अशीच गोळी खाऊन आला होता, तक्त्यासमोर उभा असताना चक्कर येऊन माझ्याच टेबलावर पडला. त्यापेक्षा अठरा दिवस मिठाला आवर घाल. दिवसाला एक चहाचा चमचा, म्हणजे पाच ग्रॅम, एवढंच, आणि त्यात पापड, लोणचं, ठेचा, चिवडा, वेफर सगळं धरून. नाशिकच्या माणसाला मिसळ सोड म्हणायला माझीही जीभ वळत नाही, पण तर्री दुसऱ्यांदा मागू नकोस. सर्दीच्या आणि अंगदुखीच्या गोळ्या मेडिकलमधून आपल्या मनाने आणू नकोस, त्यांतल्या बऱ्याच गोळ्या बीपी वाढवतात.

डोळ्यांचं धूसर होणं. मोबाइल जवळ धरून तासन्‌तास बघितलं की डोळ्याचे आतले स्नायू आवळलेलेच राहतात, आणि नसलेला मायनस नंबर आल्यासारखा वाटतो. बागेत बांधावर बसून लांबची टेकडी बघ, तेच औषध. पण खरा नंबर आहे की नुसता ताण, हे थेंब टाकून तपासल्यावरच कळतं. ते थेंब आत्ताच टाकून घे, मेडिकलच्या आदल्या दिवशी नको, कारण नंतर दिवसभर तरी जवळचं नीट वाचता येत नाही. ६/६ म्हणजे सहा मीटरवरून जी ओळ चांगल्या नजरेला दिसायला हवी ती तुलाही दिसणं, एवढंच. डोळे बारीक करून वाचलेलं आम्ही धरत नाही. आणि शेवटची ओळ पाठ करून आलेल्यांसाठी आमच्याकडे दुसरा तक्ता कपाटामागे ठेवलेला असायचा.

बाकी किरकोळ. कानात मळ असेल तर डॉक्टरांकडून काढून घे, काडी घालू नकोस. हर्निया, हायड्रोसील यांपैकी काही असेल तर लाजून लपवू नकोस, कपडे काढून तपासतात आणि ते दिसतंच. साखरेसाठी रक्त द्यायचं तर आठ तास उपाशी, पाणी चालतं. आणि आदल्या रात्री टेम्पो घेऊन वाशीच्या मार्केटला जाऊ नकोस. जागरण घेऊन आलेला माणूस सगळ्याच टेबलांवर मार खातो.

प्रश्न : मी नाशिकरोडची, वय २२. रेल्वेत असिस्टंट लोको पायलट व्हायचं आहे. दोन्ही डोळ्यांना मायनस १.२५ नंबर आहे. आईने लेसर ऑपरेशनसाठी पैसे साठवलेत. परीक्षेआधी करून घेऊ का?

उत्तर : नको. इंजिनावरच्या पदाला ए-१ ही वैद्यकीय श्रेणी लागते : दोन्ही डोळ्यांना चष्म्याशिवाय ६/६. शिवाय प्लस दोन नंबरची काच डोळ्यासमोर धरतात. त्यातूनही ६/६ वाचता आलं तर छुपा प्लस नंबर आहे म्हणून बाद. आणि लेसर केलेल्यांना त्या पदासाठी घेतच नाहीत. डॉक्टरांना यंत्राखाली बुबुळावरची कापलेली कड दिसते, म्हणून न सांगूनही उपयोग नाही. कसाऱ्याहून इगतपुरीकडे चढताना गाडीला मागून ढकलायला बँकर इंजिन लावतात, सदतीस फुटांना एक फूट असा तो चढ. तिथल्या पावसाळी धुक्यातला सिग्नल ज्याला वाचायचाय त्याच्यासाठी अट कडक असणार, त्यात काही अन्याय नाही.

पण रेल्वे म्हणजे फक्त इंजिन नाही. जाहिरातीत प्रत्येक पदापुढे श्रेणी छापलेली असते, ती वाचून मगच अर्ज भर. तिकीट खिडकीवरच्या पदाला बी-२ लागते, ती चष्मा लावून एका डोळ्याला ६/९ आणि दुसऱ्याला ६/१२ असलं तरी पास होते. लिपिकाला सी-२, ती त्याहून सोपी. तुझा नंबर त्यात सहज बसतो. आईला म्हणावं, पैसे राहू द्या.

प्रश्न : वाहकपदासाठी निवड झाली आहे. मेडिकलच्या तारखेला माझी पाळी येणार. तारीख बदलून मागू की गोळी घेऊन पुढे ढकलू?

उत्तर : दोन्ही नको. पाळीत लघवीच्या तपासणीत रक्त दिसतं आणि विनाकारण शेरा पडतो, अडचण तेवढीच. तिथल्या सिस्टरला सुरुवातीलाच सांग, "पाळी आहे, लघवीचा नमुना नंतर देऊ का?" असं विचारणाऱ्या कितीतरी मुली येतात, सिस्टर नमुन्यासाठी पुढची तारीख लिहून देतात. ती कागदावर लिहून घे, तोंडी नको. लग्न झालं असेल आणि दिवस राहिल्याची शक्यता असेल तर एक्स-रेच्या आधी तेही सांग.