ब्लॅकबेरीची आंबट बिअर : बिघडलेली की मुळातच तशी?

आपण लिहिले आहे की, लाकडी पिंपात मुरवलेल्या ब्लॅकबेरीच्या आंबट बिअरच्या दोन बाटल्या आपण मोठ्या शहरातून सोलापूरला आणल्या, त्यांतली एक उघडली तेव्हा तबेल्यासारखा वास आला, दात आंबले, तळाशी जांभळा गाळ दिसला आणि दुकानदाराने ‘आंबट बिअर अशीच असते’ एवढे सांगून फोन ठेवला. हेच वाक्य मलाही ऐकावे लागले होते आणि ते मला फार महागात पडले, म्हणून सविस्तर लिहितो. मी बिअर बनवणारा नाही आणि प्रयोगशाळेत तपासणी करणाराही नाही; जे लिहितो आहे ते वाचनातून व चाखण्यातून आलेले आहे.

आपण दिलेल्या लक्षणांवरून आपली बाटली मला बिघडलेली वाटत नाही. तबेला, चामडे, ओले गवत यांची आठवण करून देणारा तो वास ब्रेटानोमायसीस नावाच्या यीस्टचा असतो. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग या बिअर कंपनीत क्लॉसन या संशोधकाने हे यीस्ट १९०४ मध्ये प्रथम वर्णिले. जुन्या ओकच्या पिंपांच्या लाकडात ते घर करून राहते, आणि ब्रुसेल्सजवळच्या लांबिक नावाच्या आंबट बिअरची ओळखच त्याच्यावर उभी आहे. तळाचा गाळ म्हणजे यीस्ट आणि फळाचे बारीक कण. तो अपायकारक नाही, मात्र बाटली एक दिवस उभी ठेवून हलक्या हाताने ओतल्यास ग्लासात उतरत नाही. गोडवा का नाही, याचेही कारण सरळ आहे. फळातली जवळजवळ सगळी साखर यीस्ट खाऊन टाकते, आणि मागे उरतो तो फळाचा आंबटपणा, बियांचा तुरटपणा व सुगंध. ब्लॅकबेरी दिसायला तुतीसारखी म्हणून तुतीची गोड चव मनात धरून बसल्यास पहिला घोट निराश करतो.

खरा प्रश्न आंबटपणा कोणता, हा आहे. चांगल्या बाटलीत मुख्यतः लॅक्टिक आम्ल असते, म्हणजे दह्यात असते तेच. ते जिभेच्या कडांना जाणवते, तोंडाला पाणी सुटते आणि घोट उतरल्यावर घसा शांत राहतो. व्हिनेगरमधले असेटिक आम्ल निराळे. ते तयार करणाऱ्या जीवाणूंना हवा लागते, त्यामुळे पिंपात किंवा बुचातून हवा शिरली की ते वाढते. बेल्जियममधील रूसेलारे गावच्या रोडनबाखसारख्या तांबड्या बिअरमध्ये त्याची थोडी छटा अपेक्षितच असते; परंतु ग्लास नाकाजवळ नेताच डोळ्यांत पाणी येत असेल आणि घोट घशात टोचत असेल, तर तो शैलीचा गुण नाही, दोष आहे.

माझ्या वाट्याला आलेली बाटली नेमकी तशी होती. ग्लास पांढऱ्या कागदावर तिरपा धरला तेव्हा मधला भाग जांभळट दिसला, पण कडेची पातळ रेषा विटकरी-तपकिरी झालेली होती. ब्लॅकबेरीचा रंग अँथोसायनिन या द्रव्यांचा असतो. आम्लात ती लालसर-जांभळी राहतात, मात्र उष्णता व प्राणवायू यांनी तपकिरी पडतात. वासाला ताजे फळ मुळीच नव्हते. शिजून करपलेल्या जॅमचा वास होता आणि त्यावर नखांचा रंग काढण्याच्या द्रावणाचा उग्र भपका. ज्या दुकानातून ती घेतली, तिथे बाटल्या काचेच्या कपाटात, दिव्यांच्या उजेडात, भर उन्हाळ्यात उभ्या होत्या. तक्रार केली तेव्हा उत्तर मिळाले की आपल्याला या चवीची सवय नाही. आयात करणाऱ्याच्या कार्यालयाने आधी पावती मागितली, नंतर छायाचित्रे, आणि शेवटी खोक्यावरचा क्रमांक, जे खोके दुकानातच राहिले होते. त्यानंतर एकाही पत्राला उत्तर आले नाही.

पैसे गेले त्याहून मोठे नुकसान असे की, ही बिअर अशीच जळजळीत असते, हे मी खरे मानले आणि बराच काळ या प्रकाराकडे फिरकलो नाही. नीट जपलेली बाटली चाखल्यावरच मला कळले की मला शैलीच्या नावाखाली बिघडलेला माल दिला गेला होता. जो पदार्थ मुळातच आंबट आहे त्याचा बिघाड लपवणे सोपे असते, आणि म्हणूनच तो विकणाऱ्याची जबाबदारी इतरांपेक्षा अधिक आहे, असे माझे ठाम मत आहे.

आता दुसऱ्या बाटलीविषयी. ती फ्रिजमधून काढून तिचा गारठा थोडा उतरू द्या आणि १० ते १२ अंशांच्या आसपास चाखा. बर्फगार असताना फळ दबते आणि केवळ आंबटपणा पुढे येतो. फेस लवकर विरला तर घाबरू नका, एवढ्या आम्लात तो फार टिकत नाही. आधी कडेचा रंग पाहा, मग वास घ्या, मग लहान घोट घेऊन तो क्षणभर तोंडात फिरवा. सोबत शेंगाचटणी कृपया ठेवू नका, कारण तिखटावर हे आम्ल अधिकच झोंबते. साध्या कडक भाकरीचा तुकडा जीभ स्वच्छ करण्यास उत्तम. पित्ताचा त्रास असणाऱ्यांनी जपून घ्यावे, आणि वयाची २१ वर्षे व परवाना हे राज्याचे नियम आहेतच.

आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या वर जातो आणि बंद खोली रात्रीही तापलेली राहते, त्यामुळे ‘मुरवलेली आहे, आणखी मुरेल’ या समजुतीने ती कपाटात ठेवू नये. पिंपातले मुरणे थंड जागी, जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली होते. इथल्या उष्णतेत होते ती निव्वळ नासाडी, आणि तीत ब्लॅकबेरीचा सुगंध सर्वांत आधी जातो. पुढच्या वेळी शक्यतो हिवाळ्यात खरेदी करा, थंड कपाटातलीच बाटली मागा, गाडीच्या डिकीऐवजी आत आपल्याजवळ ठेवा, आणि पावतीबरोबर खोक्यावरील क्रमांकाचे छायाचित्र दुकानातून निघण्यापूर्वीच काढून घ्या.