स्टार्टर उघडणाऱ्या मुलाला कॉमर्सला का घालायचं?

ताई, नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. मुलगा दहावीला गणित-विज्ञानात राहिला. एटीकेटीवर अकरावी कॉमर्सला घालू असं घरचे म्हणतात, आणि आयटीआय म्हटलं की तुम्हाला नातेवाइकांची धास्ती. पण मध्येच एक ओळ आहे: उन्हाळ्यात विहिरीवरची मोटार बंद पडली, तेव्हा त्याने स्टार्टर उघडून जळालेली कॉइल बदलली. आणि शेवटी तुम्हीच लिहिता, 'हात चालतो, पण डोकं नाही.' अहो, बिघाड मोटारीत आहे, केबलमध्ये की स्टार्टरमध्ये, हे नुसत्या हाताला कसं कळेल?

काळजी मला वेगळीच वाटली. थ्री-फेजची लाइन. त्याने आधी मेन स्विच पाडला होता का? फ्यूज काढून खिशात ठेवले होते का? बघून बघून शिकलेल्या पोराला काम येतं, पण जीव कशाने जातो हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. अर्थिंग कसं करायचं, मेगर नावाच्या मीटरने इन्सुलेशन कसं तपासायचं, लाइन बंद आहे याची खात्री कशी करायची, हे मास्तर समोर उभे राहून शंभर वेळा करून घेतात. माझ्या लेखी आयटीआयची किंमत आधी यात आहे, सर्टिफिकेटात नंतर.

आयटीआयमधला इलेक्ट्रिशियन म्हणजे वीजतंत्री. या ट्रेडला, म्हणजे अभ्यासक्रमाला, दहावी पास लागते. वायरमन, म्हणजे तारतंत्री, दहावी नापासालाही मिळतो. दोन्ही २ वर्षांचे. अर्ज ऑनलाइन भरायचा असतो. पण काही झालं तरी पुरवणी परीक्षेचा फॉर्म भराच, कारण रेल्वेच्या सहायक लोको पायलट भरतीत दहावी आणि आयटीआय दोन्ही मागतात. आणि गणित सुटलं असं त्याला वाटू देऊ नका. वर्कशॉप कॅल्क्युलेशन आहे, ड्रॉइंग आहे. ओहमचा नियम पुन्हा भेटणारच, फक्त या वेळी हातात मीटर असेल. फळ्यावर न कळलेलं मीटरवर कळलेली मुलं मी पाहिली आहेत.

पास झाल्यावर अप्रेंटिसशिप चुकवू नका. १९६१ च्या कायद्याने कारखान्यांना शिकाऊ उमेदवार घ्यावे लागतात आणि विद्यावेतनही द्यावं लागतं. शिकायची गोडी लागलीच, तर पॉलिटेक्निकला थेट दुसऱ्या वर्षाची वाट आहे.

मात्र डोळे मिटून कुठेही घालू नका. एका मुलाला मीच एका खासगी संस्थेत पाठवलं होतं. वर्कशॉपला कायम कुलूप! तीन महिन्यांत पोरगा घरी. तेव्हापासून सांगतो, प्रवेशाआधी कामाच्या वेळी जाऊन वर्कशॉप बघा. मुलांचे हात काळे दिसले पाहिजेत.

एकच ट्रेड धरवत नसेल, तर पुणे जिल्ह्यात, शिरूर तालुक्यात पाबळला विज्ञान आश्रम आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये तो सुरू केला. तिथल्या वर्षभराच्या निवासी अभ्यासक्रमात वेल्डिंग, वायरिंग, शेती असं सगळंच हाताने करावं लागतं.

नातेवाइकांचं म्हणाल, तर पुढच्या उन्हाळ्यात त्यांचीही मोटार बंद पडेलच.

पुढचं पत्र मात्र त्याला लिहू द्या. बिघाड कॉइलचाच आहे हे त्याने कसं ओळखलं, ते मला त्याच्याकडूनच हवंय.