मोबाइलवरून घरचा कॉम्प्युटर चालवायचाय

प्रश्न: माझ्या पीसीत विंडोज होम आहे. बाहेर असताना मोबाइलवरून तो चालवायचाय, पण विंडोजचं रिमोट डेस्कटॉप ऑनच होत नाही. काय करू?

उत्तर: तुमचं काही चुकत नाहीये, होम एडिशनवरून दुसऱ्या पीसीला कनेक्ट होता येतं पण त्याच्यावर बाहेरून कनेक्ट होता येत नाही, त्याला विंडोज प्रो लागतं. तेवढ्यासाठी प्रो घेऊ नका हो, क्रोम रिमोट डेस्कटॉप फुकट आहे, पीसीवर गुगल अकाउंटने सेटअप करून किमान 6 आकडी पिन टाका, मोबाइलवर त्याच गुगल अकाउंटने लॉगिन करा, झालं.

पीसीचा स्लीप मोड मात्र बंद ठेवा, नाहीतर तो ऑफलाइनच दिसेल, बहुतेकांचं इथेच अडतं. आणि पुढे कधी प्रो घेतलंच तर कुठलातरी व्हिडिओ बघून राउटरवर 3389 पोर्ट (रिमोट डेस्कटॉपचा इंटरनेटवरून आत यायचा दरवाजा) उघडू नका प्लीज, तो उघडा पोर्ट शोधत हॅकर्सचे प्रोग्राम सतत फिरत असतात, त्यापेक्षा व्हीपीएन, म्हणजे घरच्या नेटवर्कपर्यंतचा सुरक्षित खासगी रस्ता, वापरा. अनोळखी माणूस फोन करून एनीडेस्क (दुरून दुसऱ्याचा स्क्रीन चालवायचं अॅप) टाकायला लावत असेल, कोड मागत असेल, तर सरळ फोन ठेवा, कोड दिला आणि अॅक्सेप्ट दाबलं की स्क्रीन त्याच्या हातात जाते.