वाचकांचे प्रश्न : काम परदेशी जाते तेव्हा

प्रश्न १ : स.न.वि.वि. मी एकोणीस वर्षांपासून अमेरिकेत एका विमा कंपनीच्या हिशेब विभागात काम करते. माझे वय ४७ आहे. आमच्या विभागातील साठ-सत्तर जणांना गेल्या महिन्यात कळवण्यात आले, की हे सर्व काम टप्प्याटप्प्याने पुण्यातील एका कंत्राटदार कंपनीकडे जाणार असून तोपर्यंत तेथील मुलांना ते आम्ही शिकवायचे आहे. शिकवणे पूर्ण केले तरच जाताना पैसे मिळतील, असे कागदावर लिहिले आहे. ती मुले माझ्याशी मराठीत बोलतात, ‘मॅडम, तुम्ही पुण्यात कुठल्या?’ असे आपुलकीने विचारतात. शेजारच्या टेबलावरच्या, बारा वर्षांच्या ओळखीच्या अमेरिकन बाई मात्र माझ्याशी बोलेनाशा झाल्या आहेत. मी सही करावी का? आणि शिकवावे का?
— एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी

उत्तर : सही आज करू नका. घाई कंपनीला आहे, तुम्हाला नाही.

तुम्ही न्यू जर्सीत आहात, ही या वाईट बातमीतली एक बरी गोष्ट आहे. अमेरिकेच्या १९८८च्या केंद्रीय कायद्याप्रमाणे शंभर किंवा अधिक कामगार असलेल्या कंपनीला मोठ्या नोकरकपातीआधी ६० दिवसांची सूचना द्यावी लागते, पण त्यात नुकसानभरपाईची सक्ती नाही. न्यू जर्सीने आपला कायदा बदलला आणि १० एप्रिल २०२३पासून तेथे सूचनेची मुदत ९० दिवस झाली. शिवाय राज्यातील पन्नास किंवा अधिक कामगारांना अशा रीतीने काढले, तर प्रत्येकाला सेवेच्या दर पूर्ण वर्षामागे एका आठवड्याचा पगार देणे बंधनकारक झाले. म्हणजे तुमचे एकोणीस आठवडे हे तुमच्या हक्काचे आहेत आणि सूचना ९० दिवसांहून कमी मिळाली, तर त्यात आणखी चार आठवड्यांची भर पडते. राज्याच्या कामगार आयुक्तांच्या किंवा न्यायालयाच्या मान्यतेवाचून हा हक्क तुमच्याकडून सोडवून घेता येत नाही. म्हणून कागदावरचे ‘पैसे’ नेमके कोणते, हे आधी पाहा. कायद्याने देणे असलेली रक्कमच जर शिकवण्याचे बक्षीस म्हणून पुढे केली असेल, तर तो कागद घेऊन थेट कामगार कायद्याच्या वकिलाकडे जा.

दुसरे तुमच्या वयासंबंधी. १९९०च्या केंद्रीय कायद्याने चाळिशीच्या पुढच्या कामगाराला वयाधारित भेदभावाचा दावा सोडून देण्याच्या कागदावर विचार करण्यासाठी मुदत दिली आहे. एकट्याला काढले असेल तर ती २१ दिवसांची असते आणि तुमच्यासारखे अनेकांना एकत्र काढले असेल तर ४५ दिवसांची. सही केल्यानंतरही सात दिवसांत ती मागे घेता येते. गटाने काढताना कोणत्या हुद्द्याच्या, कोणत्या वयाच्या माणसांना काढले आणि कोणाला ठेवले, याची यादीही कंपनीने द्यावी लागते. ती मागून घ्या आणि नीट वाचा. आरोग्यविमा पुढे चालू ठेवण्याचा निर्णय घ्यायला ६० दिवस मिळतात आणि तो साधारणपणे १८ महिने ठेवता येतो. मात्र कंपनीचा वाटाही आता तुम्हालाच भरावा लागतो आणि ती रक्कम पाहून छातीत धस्स होते, तेव्हा तिची तजवीज आधीच करून ठेवा. ग्रीन कार्ड हाती आलेले नसेल आणि तुम्ही अजून एच-१बीवर, म्हणजे नोकरीवर अवलंबून असलेल्या तात्पुरत्या व्हिसावर असाल, तर नोकरी संपल्यापासून देशात राहायला जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात. तसे असल्यास इमिग्रेशनच्या वकिलाची भेट बाकी सर्व गोष्टींच्या आधी घ्या.

आता शिकवण्याविषयी. आपले काम ज्याच्या हाती जाणार, त्यालाच ते समजावून द्यायचे, हा अपमान आहे आणि तो तुम्हाला टोचतो यात काहीही चूक नाही. २०१५च्या सुरुवातीला ऑर्लँडोत डिस्नेच्या संगणक विभागातील सुमारे अडीचशे जणांवर हीच वेळ आली होती. त्यांतील काही जण न्यायालयात गेले, पण २०१६मध्ये त्यांचे दावे फेटाळले गेले. त्यामुळे केवळ ‘शिकवायला लावले’ एवढ्यावर कायदा तुमच्या बाजूने उभा राहील, असे मी सांगणार नाही. माझा सल्ला असा, की पैशांची बाजू वकिलाकडून पक्की झाल्यावर शिकवा आणि चांगले शिकवा. पलीकडे बसलेल्या मुलांनी तुमचे काम मागितलेले नाही. ते त्यांच्या पुढ्यात आणून ठेवले आहे.

हे मी लांबून बोलत नाही. माझे वडील लालबागच्या एका गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर होते. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला, अडीच लाख गिरणी कामगार बाहेर पडले आणि त्यांच्या वाट्याचे कापड भिवंडी-मालेगावच्या यंत्रमागांवर विणले जाऊ लागले. ते काम समुद्रापार गेले नव्हते, लोकलने आणि एसटीने जाता येईल इतक्या अंतरावर गेले होते, तरी आमच्या चाळीपुरते ते परदेशीच गेले. भिवंडीत बारा-बारा तास माग चालवणारा विणकर काही आमच्यामुळे श्रीमंत झाला नाही, हे वडिलांनी स्वतः तेथे जाऊन पाहिले होते आणि त्याच्याविषयी त्यांच्या तोंडून मी कधी वावगा शब्द ऐकला नाही. मालकांविषयी मात्र पुष्कळ ऐकले.

तुमच्या शेजारच्या बाईंशी तुम्ही आपणहून बोला. ‘माझीही नोकरी जाते आहे’ हे त्यांना ठाऊक आहे, पण ते तुमच्या तोंडून ऐकणे वेगळे. ४५ दिवसांची आणि एकोणीस आठवड्यांची गोष्ट त्यांना सांगा आणि शक्य असेल तर वकिलाकडे दोघी मिळून जा.

एक गोष्ट मला फार अन्यायाची वाटते. २००४मध्ये अमेरिकी राष्ट्राध्यक्षांचे आर्थिक सल्लागार ग्रेगरी मॅनकीव म्हणाले होते, की कामे परदेशी पाठवणे हा व्यापाराचाच एक नवा प्रकार आहे आणि दीर्घकाळात तो देशाच्या फायद्याचा ठरेल. त्यावर मोठे वादळ उठले. देशभराची बेरीज कदाचित तशी येतही असेल. परंतु फायदा कोट्यवधी ग्राहकांत आणि भागधारकांत थोडा थोडा वाटला जातो आणि तोटा एका मजल्यावरच्या साठ टेबलांवर एका दिवसात येऊन पडतो. हे ओळखूनच १९६२मध्ये व्यापारामुळे नोकरी गेलेल्यांसाठी प्रशिक्षण आणि भत्त्याची केंद्रीय योजना सुरू झाली होती. सेवाक्षेत्रातील कामगारांना तिच्यात २००९मध्ये कुठे रीतसर जागा मिळाली. १ जुलै २०२२पासून त्या योजनेखाली नवे अर्ज मंजूर होणे थांबले आहे. ज्यांनी बेरीज मांडली, त्यांनी तुमच्या वाट्याची वजाबाकी भरून द्यायला हवी होती.

प्रश्न २ : मी पुण्यात एका कॉल सेंटरमध्ये सहा वर्षे रात्रपाळी करते. अमेरिकी ग्राहकांचे फोन घेणारी आमची प्रोसेस मनिलाला हलवली जात आहे. एचआरने बोलावून ‘स्वेच्छेने राजीनामा द्या, म्हणजे अनुभवपत्र चांगले मिळेल’ असे सांगितले. पदाचे नाव ‘सीनियर एक्झिक्युटिव्ह’ असल्याने तुम्हाला कामगार कायदा लागू नाही, असेही ते म्हणतात. काय करावे?
— एक वाचक, विमाननगर, पुणे

उत्तर : राजीनामा लिहून देऊ नका. तो दिला की कंपनीने तुम्हाला काढलेच नाही असा अर्थ होतो आणि नोकरकपातीची भरपाई मागण्याचा रस्ता फार अरुंद होतो. एक महिन्याची सूचना किंवा तेवढा पगार आणि सेवेच्या दर पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचे सरासरी वेतन, हा १९४७च्या औद्योगिक विवाद कायद्यातला नियम नव्या औद्योगिक संबंध संहितेतही कायम आहे. पदाच्या नावावर काही ठरत नाही. प्रत्यक्षात तुम्ही काय काम करता, यावर ठरते, असे न्यायालयांनी वारंवार सांगितले आहे. दिवसभर फोन घेणाऱ्या व्यक्तीला ‘एक्झिक्युटिव्ह’ म्हटल्याने ती व्यवस्थापक होत नाही. पाच वर्षे पूर्ण झालेली असल्यामुळे ग्रॅच्युइटीही तुमची आहे. एचआरने तोंडी सांगितलेले सर्व त्याच दिवशी ईमेलने त्यांना लिहून पाठवा, ‘आज आपण मला असे सांगितले’ एवढ्याच शब्दांत. पगाराच्या पावत्या आणि नेमणूकपत्र घरी आणून ठेवा. आणि दाद मिळाली नाही तर कामगार आयुक्त कार्यालयात तक्रार द्या. एकटीने जाण्याऐवजी त्याच प्रोसेसमधल्या पाच-सहा जणी मिळून गेल्यास अधिक बरे.

मनिलाच का, हे समजून घेणेही उपयोगाचे आहे. फिलिपिन्स १९४६पर्यंत अमेरिकेच्या ताब्यात होते, तेथील शिक्षणात इंग्रजी मुरलेली आहे, उच्चारही अमेरिकी कानाला ओळखीचे वाटतात. फोनवरच्या सेवेत त्या देशाने २०१०च्या सुमारासच भारताला मागे टाकले. अर्थशास्त्रज्ञ ॲलन ब्लाइंडर यांनी २००६मध्ये एक साधी कसोटी मांडली होती, की काम दूर जाईल की नाही हे त्याला शिक्षण किती लागते यावर ठरत नाही, तर ते तारेवरून दर्जा न घटता पाठवता येते की नाही यावर ठरते. या कसोटीला तुमचे सध्याचे काम उतरते, म्हणून ते गेले. बँकांची आणि विमा कंपन्यांची मराठी-हिंदी ग्राहकसेवा मनिलाला पाठवता येत नाही. तेथे पगार बहुधा आताच्याहून कमी असेल, हे मी लपवत नाही. पण दिवसपाळी मिळेल, आणि हातात पगार असताना पुढची नोकरी शोधणे सोपे जाते.

प्रश्न ३ : सरकार अशी कामे बाहेर पाठवण्यावर सरळ बंदी का घालत नाही?
— एक निवृत्त वाचक, नाशिक

उत्तर : तसा प्रयत्न झालेला आहे, आणि तो आपल्याच मुंबईशी निगडित आहे. न्यू जर्सीतील गरीब कुटुंबांच्या सरकारी मदतीविषयीचे फोन कंत्राटदाराने विस्कॉन्सिनहून मुंबईला हलवल्याचे २००२मध्ये उघड झाले. कामाअभावी सरकारी मदतीवर जगणाऱ्यांच्या शंकांची उत्तरे देण्याचे कामही देशाबाहेर, हे लोकांना सहन झाले नाही. राज्याने जादा खर्च सोसून ते काम आपल्याच कॅम्डेन शहरात परत आणले आणि २००५मध्ये सरकारी कंत्राटांतील सेवा देशातच देण्याचा कायदा केला. मला हे योग्य वाटते, कारण पैसा जनतेचा होता. खासगी कंपनीला मात्र असे बांधून ठेवणे अवघड असते, आणि तशी बंदी अमेरिकेने उद्या खरोखर घातली, तर तिचा पहिला फटका हिंजवडी-खराडीला बसेल. बंदीपेक्षा न्यू जर्सीची सक्तीची भरपाई मला अधिक उपयोगी वाटते : काम हलवायचे असेल तर हलवा, पण एकोणीस वर्षांचे एकोणीस आठवडे आधी मोजून द्या. महाराष्ट्रातही पंधरा दिवसांचा नियम कागदावर आहेच. तो ‘स्वेच्छेने राजीनामा’ लिहून घेऊन चुकवला जातो, तेवढी पळवाट कामगार खात्याने बंद केली, तरी विमाननगरच्या या वाचकांसारख्या अनेकांना तो मिळेल.