पाळीत खूप रक्तस्राव होतो, पण गर्भाशय काढायचं नाही. दुसरा उपाय आहे का?

हो, आहे: गर्भाशयात बसवायची हार्मोनची कॉइल, म्हणजे मिरेना. (कॉपर-टी नव्हे, तिने रक्तस्राव उलट वाढतो.) ओपीडीतच काही मिनिटांत बसवतात, चिरा नाही, टाका नाही, बसवताना ओटीपोटात कळ मात्र येते. तिच्यातलं ५२ मिलिग्रॅम लेव्होनॉरजेस्ट्रेल हे हार्मोन थोडं थोडं झिरपत गर्भाशयाचं अस्तर पातळ ठेवतं, म्हणून रक्त कमी जातं. गर्भाशयात गाठी (फायब्रॉइड) नसतील किंवा ३ सेंटिमीटरपेक्षा लहान असून गर्भाशयाच्या पोकळीचा आकार बिघडवत नसतील, तर उपचारांबद्दल मार्गदर्शन करणारी ब्रिटनची ‘नाइस’ ही संस्थाही पहिला पर्याय म्हणून हीच सुचवते. पहिले ३ ते ६ महिने अधूनमधून डाग पडतात. तेवढ्याने घाबरून काढून टाकू नका. पण रक्तस्रावाचं कारण तपासल्याशिवाय बसवू नका, आणि वय ४५ च्या पुढे असेल तर अस्तराच्या बायोप्सीबद्दल (छोटा तुकडा काढून तपासणं) डॉक्टरांना नक्की विचारा.