बोटीत कोटा बसवू का?

प्रश्न : दाभोळच्या खाडीतली जुनी लोखंडी हाउसबोट आम्ही दोघा भावांनी घेतली आहे. १२ मीटर लांब, ४ मीटर रुंद, सपाट तळाची. आत नव्या पद्धतीचं घर करायचंय. फ्लॅटला कोटा फरशी बसवणारा मिस्त्रीच पुण्याहून नेणार आहोत. पाण्यासाठी छतावर ५०० लिटरची टाकी. पावसाळ्यात आतल्या पत्र्याला घाम सुटतो, तिथे ग्लासवूल (काचेची लोकर) भरलं तर चालेल का?
– एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : मिस्त्री न्या, कोटा नको. तुमच्या बोटीचा तळ ४८ चौरस मीटर, म्हणजे साधारण ४८० किलो चढले की बोट एक सेंटिमीटर बसते. २५ मिमी कोटा चौरस मीटरला ६५ किलोच्या आसपास, खालचा ४० मिमी सिमेंटचा माल आणखी ८०. तीस चौरस मीटरला झाले सव्वाचार टनांच्या वर. बोट नऊ सेंटिमीटर खाली. मोरीचं आउटलेट पाण्यापासून वीतभरच वर असेल, तर जरा लाट आली की खाडी उलटी मोरीत. शिवाय बोटीचा पत्रा थोडा लवतो, माल लवत नाही. तो तडकतो, फटींतून पाणी खाली मुरतं आणि गंज दिसतो तेव्हा उशीर झालेला असतो. १८ मिमी मरीन प्लाय आणि वर ५ मिमी व्हिनाइल, एवढं सहाशे-साडेसहाशे किलोंत भागतं. तळात हात घालता येईल अशी दोन-तीन झाकणं मात्र ठेवा.

गच्चीवर काळी टाकी नसेल तर पुणेकराला घर अपुरं वाटतं, हे खरं. पण भरलेली टाकी म्हणजे डोक्यावर अर्धा टन, आणि अर्धी भरलेली त्याहून वाईट : बोट ज्या बाजूला कलते त्याच बाजूला पाणी धावतं. टाकी बोटीतल्या जमिनीखाली, मधोमध बसवा, आत पाणी धावू नये म्हणून भोकाचे उभे पत्रे घाला आणि छोटा प्रेशर पंप लावा. भोसरीत कोणताही चांगला फॅब्रिकेटर मापाची स्टीलची टाकी करून देईल.

ग्लासवूल नको. दमट हवा त्यातून आरपार जाते, थंड पत्र्यावर पाणी धरतं आणि लोकर भिजून खाली बसते. पत्रा घासून इपॉक्सी प्रायमर मारा, त्यावर थेट ४०-५० मिमी क्लोज्ड-सेल (बंद छिद्रांचा, दमट हवा आत न घेणारा) पीयू फोम फवारून घ्या.

क्रम चुकवू नका. आधी बोट बाहेर काढून अल्ट्रासॉनिक यंत्रानं पत्र्याची जाडी मोजा. मूळचा ६ मिमी पत्रा ४ च्या खाली गेला असेल तिथे तो कापून नवा जोडा. वरून ठिगळ लावलं की दोन पत्र्यांत पाणी अडकतं. खाडीच्या मचूळ पाण्यात अॅनोड (पत्र्याऐवजी स्वतः झिजणारे धातूचे तुकडे) अॅल्युमिनियमचे लावा, जस्ताचे समुद्रासाठी. खिडक्या कापणं, नवे ब्रॅकेट जोडणं, सगळं वेल्डिंग संपलं की मगच फोम. फोमच्या पाठीमागच्या पत्र्यावर नंतर वेल्डिंग केलं तर फोम आतल्या आत पेट घेतो, धूर विषारी असतो आणि बोटीला दार बहुधा एकच.