मुलाला तारीख द्या, देवाला नको

प्रिय ताई, सप्रेम नमस्कार.

यजमानांना जाऊन सात महिने झाले. पनवेलचा मुलगा परळच्या चाळीतली पागडीची, म्हणजे मोठी रक्कम आधी देऊन कमी भाड्याने घेतलेली, खोली विकून आपल्याकडे राहायला बोलावतो आहे, गिऱ्हाईकही तयार आहे, आणि तुम्ही मात्र दर मंगळवारी प्रभादेवीला सिद्धिविनायकापुढे ‘तू सुचवशील तसे करीन’ असे सांगून थांबल्या आहात. ‘देव येऊन सही करणार आहे का?’ हे मुलाचे बोलणे तुम्हाला लागले आहे. हे थांबणे श्रद्धेचे की भीतीचे, असे तुम्ही विचारता.

थांबा, असेच मी सांगेन. ज्या खोलीत सारा संसार झाला, ती एकदा दुसऱ्याच्या नावावर गेली की परत मिळत नाही, आणि वर्षश्राद्ध होण्याआधी असे मोठे निर्णय घेऊ नयेत असे वडीलधारी माणसे सांगत आली, ती दुःखातली घाई त्यांनी पाहिलेली असते म्हणून.

तुमचे माहेर कणकवलीकडचे, म्हणून कौलाची, म्हणजे देवाला विचारून उत्तर घेण्याच्या रीतीची, आठवण करून देते. गाऱ्हाणे घालून देवाला पाकळ्या लावल्या की उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. पण कधी कधी एकही पाकळी हलत नाही, आणि तेव्हा जमलेली मंडळी, परतीच्या एसटीची वेळ होत आली तरी, हात जोडून उभी राहतात. त्या उभे राहण्याला कोणी भीती म्हणत नाही. मात्र समई विझली तो नकार आणि आरतीच्या वेळी मुलाचा फोन आला तो होकार, असे जे अर्थ तुम्ही रोज लावत आहात, त्याने मला काळजी वाटली. ते थांबणे नव्हे, पाकळी बोटाने पाडणे आहे. ते कृपा करून सोडा.

तोवर हातातली कामे करा. भाडेपावती अजून यजमानांच्या नावावर आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ प्रमाणे भाडेकरूच्या निधनाच्या वेळी त्याच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबीयाला भाडेकरूचा हक्क मिळतो, तेव्हा पावती स्वतःच्या नावावर करण्यासाठी घरमालकाला लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या. मालकाच्या संमतीवाचून पागडीची खोली रीतसर विकता येत नाही आणि त्या व्यवहारात मालकही आपला वाटा घेतो, त्यामुळे गिऱ्हाईक वाटते तितके तयार नाही, हे मुलालाही समजावून सांगा. शिवाय दर महिन्याचे आठ दिवस पनवेलला राहून पाहा. नातवंडे शाळेत आणि सूनबाई कामावर गेल्यानंतरच्या दुपारी ते घर आपले वाटते की आपण तिथे पाहुण्या आहोत असे वाटते, हे नीट अनुभवा. ज्या उत्तरासाठी तुम्ही मंगळवारी रांगेत उभ्या राहता, ते तिथेही मिळू शकेल.

मुलावर रागावू नका. त्याचेही वडील गेले आहेत, आणि आई रात्री एकटी असते हा घोर त्या टोचणाऱ्या वाक्यात आहे. त्याला सांगा, ‘वर्षश्राद्ध झाल्यावर महिन्याभरात मी हो किंवा नाही सांगेन, गिऱ्हाईक थांबले तर थांबेल, नाहीतर दुसरे येईल.’ हा शब्द मुलाला द्या आणि पाळा. त्या दिवसापर्यंतही मनाला काहीच उमगले नाही, तर सकाळी दिवा लावून, जमवलेली माहिती समोर घेऊन तुम्हीच ठरवा, आणि जे ठरवाल ते सांगायला पुढच्या मंगळवारी नेहमीसारख्या प्रभादेवीला जा.